पुसलेला गोल

१

कारखान्यात त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. उलट जरा बरंच वाटे. कापडाच्या कारखान्यात माल तपासायचं त्यांचं काम. मोठ्या दिव्याखालून कापड सरकत जायचं आणि भिंगसाहेब नजर रोखून उभे. कुठे तुटका धागा दिसला, कुठे गाठ, कुठे रंगाचा डाग, की खिशातून खडू काढून त्याभोवती एक गोल. बस. काय चुकलंय ते लिहायचं नाही, सांगायचं नाही. कापड पलीकडच्या खोलीत रफूवाल्यांकडे जायचं. त्यांनी गोल बघायचा, आतली खोट आपली आपण ओळखायची, दुरुस्त करायची आणि गोल पुसून टाकायचा. गोल पुसलेला दिसला म्हणजे काम झालं. इतक्या वर्षांत भिंगसाहेब त्या पलीकडच्या खोलीत एकदाही डोकावले नव्हते. कधी गरजच पडली नव्हती.

आता अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय असतं, ते त्यांच्या बायकोलाच विचारायला हवं. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत; आपणही बाईच म्हणू. बाई हसऱ्या, घाईच्या, थोड्या पसारेवाल्या. आणि साहेब असे, की चहा प्यायच्या आधी कपाची कड बघणार. शर्टाला इस्त्री झाली की कॉलरची टोकं जुळवून बघणार. त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी कायमची बसली होती. लेक लहान असताना त्या आठीत बोट घालून विचारायची, "बाबा, इथून पैसे आत टाकले की बाहेर काय येतं?"

"आणखी एक खोट," बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

बाई वैतागायच्या, डोक्याला हात लावायच्या, कधी कधी दोन दोन दिवस अबोला धरायच्या. पण खरं सांगायचं तर त्या माणसावर त्यांचा जीव होता, आणि त्या आठीवर तर फारच. आपल्याकडे कुणीतरी इतकं निरखून बघतंय, यातही एक सुख असतंच की.

२

आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांमध्ये काढल्यावर त्यांनी नव्या इमारतीत घर घेतलं. ताबा द्यायच्या आधी बिल्डरने किल्ली दिली. घर नीट बघून घ्या, काय दुरुस्ती हवी ते सांगा, मग राहायला या, असा तिथला रिवाज होता. बाकीची मंडळी यायची, बाल्कनीत उभं राहून फोटो काढायची आणि खूश होऊन जायची. भिंगसाहेब आले ते जुन्या छत्रीची लाकडी मूठ, दोऱ्याला बांधलेलं वजन आणि एक बादली घेऊन.

"हे काय, घर बघायला आलात की विहीर खणायला?" साइटवरचा इंजिनियर म्हणाला. तरणा पोरगा, कानाला कायम फोन.

साहेबांनी बादली खाली ठेवली. ते गुडघ्यांवर बसले आणि छत्रीच्या मुठीने एकेक फरशी वाजवायला लागले. टक, टक, टक. मग एकदम डब. "पोकळ आहे," ते म्हणाले. "खाली माल भरलेला नाही. वर्षभरात तडकणार." आणि खडूने गोल. बाथरूममध्ये बादली उपडी केली, तर पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. गोल. दोरा सोडून चौकट बघितली, ती एका अंगाला झुकलेली. गोल. तुळई आणि भिंत जिथे भेटतात तिथे केसाएवढी चीर होती, ती बघायला ते खिडकीच्या कट्ट्यावर चढले. बाईंनी खालून त्यांचे पाय धरले.

"पडाल हो! त्या चिरेतून काय वाघ येणार आहे?"

"आज केसाएवढी आहे, उद्या बोट जाईल," साहेब वरून म्हणाले आणि गोल काढला.

दुपार उलटली तेव्हा घरभर पांढरे गोल झाले होते. इंजिनियरने सगळीकडे नजर फिरवली आणि हात टेकले. "काका, नुसते गोल काय काढलेत? काय करायचंय ते तरी लिहा."

"काम करणाऱ्याला कळतं," साहेब म्हणाले.

"बरं. पण आमची माणसं अजून खालच्या मजल्यांवर अडकलीयत. तुमच्याकडे यायला उशीर लागेल. तोवर किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, एकच आहे."

घराबाहेर पडताना बाईंनी मागे वळून बघितलं. फरशीवर बांधकामाची पीठासारखी बारीक धूळ होती आणि तीत त्यांच्या तिघांच्या चपलांचे ठसे दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून बाथरूमपर्यंत उमटले होते. आपल्या घरातली आपली पहिली पावलं. बाईंना उगीचच भरून आलं.

३

पुढच्या सुट्टीच्या दिवशी लेकही बरोबर आली. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची आणि घर बघायला उतावीळ झाली होती. साहेबांनी दार उघडलं, दोन पावलं आत टाकली आणि थांबले.

गोल नव्हते.

एकही नव्हता. साहेबांनी मूठ घेऊन फरशी वाजवली. टक. शेजारची वाजवली. टक. सगळीकडे भरीव, एकसारखा आवाज. बाथरूममधलं पाणी निमूटपणे जाळीकडे गेलं. दोरा चौकटीला चिकटून सरळ उभा राहिला. वरची चीर नाहीशी झाली होती, आणि तिच्यावर नव्या रंगाचा ठिगळासारखा पट्टाही दिसत नव्हता.

"याला म्हणतात काम!" साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकायला मिळणं म्हणजे नवलच. "आमच्या रफूवाल्यांनी यांच्याकडे शिकायला यावं."

बाईही हरखल्या. लेकीने आईला मिठी मारली. साहेबांनी इंजिनियरला फोन लावला, तर तो गोंधळला. "आमची माणसं अजून तुमच्या मजल्यावर चढलेलीच नाहीत, काका." मग म्हणाला, "म्हणजे, गेलीही असतील. मी विचारून सांगतो." त्याने कधी सांगितलं नाही आणि साहेबांनीही विचारलं नाही. झालेल्या कामाची चौकशी कोण करतो?

बाईंचं लक्ष मात्र खाली गेलं होतं. फरशीवर तीच धूळ तशीच होती. मागच्या वेळचे तिघांचे ठसे होते, आत्ता आलेल्यांचे होते. दुसरं एकही पाऊल नव्हतं. ज्या फरश्या पोकळ होत्या, त्यांच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. एका फरशीवर बाईंच्याच चपलेचा ठसा होता, टाचेपासून बोटांपर्यंत अख्खा.

झाडून गेले असतील, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग झाडलं तर आपले ठसे कसे राहिले? बरं, अनवाणी आले असतील. अनवाणी आले तरी पाय तर उमटणारच. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, इथे कुणी चाललेलंच नाही."

"अगं, दुसरी किल्ली असणार त्यांच्याकडे."

"मी किल्लीचं नाही बोलत."

"आई, अगं फुकटात इतकं झकास काम झालंय आणि तुझा चेहरा बघ!" लेक म्हणाली. "आता बाबा खूश आहेत तर तू सुरू झालीस."

तेही खरंच होतं. बाई हसल्या आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडायला गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

४

राहायला आले आणि घर अंगाला असं बसलं, की जसं मापानेच शिवून घेतलंय. सकाळी स्वयंपाकघरात ऊन यायचं, दुपारी बाल्कनीत वारा यायचा. नळाला पाणी दमदार होतं आणि दारं एका बोटाने मिटायची. भाड्याच्या घरात बाईंचं अर्धं आयुष्य दार खांद्याने ढकलण्यात गेलं होतं. आता शाळेतून आल्या की त्या उगीचच दोनदा दार लावून उघडायच्या. शेजारणीसुद्धा विचारायला यायच्या, "तुमच्याकडे काहीच कसं गळत नाही हो? आमच्याकडे बघा एकदा येऊन."

"आमच्या साहेबांनी आधीच तपासून घेतलंय," बाई तोऱ्यात सांगायच्या.

जुन्या घरून आणलेली एक खुर्ची डुगडुगायची. साहेबांनी सवयीने तिच्या पायावर गोल काढला आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची घट्ट उभी होती. बाईंना वाटलं, साहेबांनी खिळा ठोकला असेल. साहेबांना वाटलं, बाईंनी कुणाला तरी बोलावलं असेल. बाईंनी खुर्ची उलटी करून बघितली, तर खिळा कुठेच नव्हता. पाय आणि बैठक जिथे जोडलेली होती तिथे सांधाच दिसेना. अख्खी खुर्ची एकाच लाकडाची असावी तशी झाली होती. त्यांनी ती पुन्हा सुलटी केली, तिच्यावर बसून चहा प्यायल्या आणि त्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवून टाकलं. सुखात असलं की माणूस असं सहज ठरवू शकतो.

५

एका रविवारी दुपारी जेवण उरकून दोघं भिंतीवर फोटो लावत होते. त्यात लग्नानंतर स्टुडिओत काढलेला एक फोटो होता. साहेब ताठ, आठीसकट; आणि बाईंचे डोळे नेमके मिटलेले. फोटोवाल्याने बटण दाबायला आणि पापणी पडायला एकच गाठ पडली होती. त्यावरून साहेब गेली कित्येक वर्षं चिडवत आले होते.

"झोपेत लग्न केलंस माझ्याशी," ते आताही म्हणाले आणि खिशातून खडू काढून काचेवर बाईंच्या मिटल्या डोळ्यांभोवती गोल काढला. "ही बघ खोट."

"अस्सं? द्या तो खडू इकडे." बाईंनी खडू हिसकावला, टाचा उंचावल्या आणि साहेबांच्या कपाळावर, बरोबर त्या आठीभोवती गोल काढला. "आणि या घरातली खरी खोट इथे आहे!"

दोघंही हसत सुटले. साहेब फार हसत नसत, पण हसले की डोळ्यांतून पाणी यायचं. डोळे पुसत ते म्हणाले, "असू दे आता. रफूवाला येईल आणि करेल दुरुस्त." आणि तसेच गोलासकट आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

बाईंनी स्वयंपाकघर आवरलं. मग काचेवरचा खडू पुसावा म्हणून ओला फडका घेऊन बाहेर आल्या.

काच स्वच्छ होती. फोटोतली तरणी बाई त्यांच्याकडे बघत होती.

बाई फडका धरून उभ्याच राहिल्या. डोळे उघडे होते. मोठे, काळे, अगदी सरळ. त्यांचेच होते, पण त्यांत बघणारं कुणी नव्हतं. दुकानातल्या बाहुलीला बसवावेत तसे ते बसवलेले होते. उजेडामुळे तसं वाटत असेल म्हणून त्या बाजूला सरकल्या. काचेवर बोट फिरवलं. फोटो दुसरा तर नाही, म्हणून साहेबांची कॉलरसुद्धा निरखून बघितली. आणि मग कॉलरवरून त्यांची नजर वर, आठीपाशी गेली, आणि त्यांना साहेबांच्या कपाळावरचा गोल आठवला.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. भिंतीला रंग लावायच्या आधी लांबीचा लेप घासून गुळगुळीत करतात, तसा. पॉलिश पेपरचा. सर्र, सर्र. हलक्या हाताने, अजिबात घाई नसल्यासारखा.

दार अर्धवट लोटलेलं होतं. साहेब भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपले होते. पलंग भिंतीला लागून होता, तरी भिंत आणि त्यांचं कपाळ यांच्यात वीतभर तरी जागा असायला हवी होती. ती नव्हती. भिंतीचा पांढरा रंग त्यांच्या कपाळापर्यंत आलेला होता. आणि तो हलत होता, मागे, पुढे, मागे, पुढे.

"अहो!" बाई किंचाळल्या.

भिंत सरळ होती. जशी असावी तशी. साहेबांनी कूस बदलली, डोळे उघडले आणि बाईंकडे बघून गोड हसले. "काय झालं गं?"

कपाळ सपाट होतं; गोलही नव्हता, आठीही नव्हती. बाईंनी तिथे बोट ठेवलं. कातडी गार, गुळगुळीत. बोट उचललं तर त्याला पांढरी पूड लागली होती.

६

झोपून उठलं की चेहरा सैल पडतोच, असं बाईंनी स्वतःला समजावलं. तिन्हीसांजेला त्यांनी चहा केला आणि त्या गडबडीत साखरेऐवजी मीठ पडलं. स्वतः घोट घेतला आणि थुंकला. साहेबांचा कप रिकामा झाला होता.

"छान झालाय," ते म्हणाले.

बाई वाट बघत राहिल्या. आता हे हसतील, आता म्हणतील, काय गं, समुद्राचं पाणी आणलंस का? साहेबांनी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. चेहऱ्यावर समाधान.

त्यानंतर सगळं छानच होतं. भात कच्चा राहिला, छान. शर्टाचं बटण तुटलं, छान. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, तर साहेब आरामात म्हणाले, "वास छान येतोय." कारखान्यातून त्यांच्या वरच्या साहेबांचा फोन आला. "बाई, काय जादू केलीत? पूर्वी माल अडून राहायचा, आता सगळा एका दमात पुढे जातो. एक गोल नाही!" लेक आली तीही खूश. "आई, बाबा किती शांत झालेत गं. मी नवीन कपडे दाखवले तर नुसते छान म्हणाले. पहिल्यांदा!"

"मला ते जुने हवेत," बाई म्हणाल्या.

"तूही कमाल आहेस. जन्मभर त्यांच्या नावाने खडे फोडलेस, आणि आता जुने हवेत म्हणे."

बाईंनी तिला सगळं सांगायचा प्रयत्न केला. धूळ, खुर्ची, फोटो. लेकीने फोटो बघितला. "डोळे मिटलेला दुसरा असेल गं, दोन काढले असतील," ती म्हणाली आणि आईला जवळ घेऊन विचारलं, की तुला झोप नीट लागते ना? काही दिवस दुसरीकडे राहू या असं बाई म्हणाल्या, तर साहेब म्हणाले, "कशाला? इथेच छान आहे." त्यांचा हात धरून ओढावं, तर कुठवर ओढणार? ते आपले हसत मागे यायचे आणि थोड्या वेळाने हसत घराकडे निघायचे.

बाईंनी फोटो तिरके टांगले. कडा उडालेल्या कपात चहा दिला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून त्यांच्यासमोरून फिरल्या. शाळेतली पोरं असती तर त्यांनी टाळ्या पिटल्या असत्या. साहेबांनी मान डोलावली.

शेवटी एका दुपारी त्यांनी धीर केला. साहेब झोपले होते. बाईंनी त्यांच्या कपाळावर, त्याच जागी पुन्हा गोल काढला आणि भिंतीला हात जोडून म्हणाल्या, "जे नेलंस ते परत दे. माझ्या नवऱ्याचं होतं ते, माझं होतं." मग त्या दाराबाहेर बसून राहिल्या. आवाज आला नाही. साहेब उठले, चहा प्यायले, गोल कपाळावर तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. जो कुणी पुसायला येतो, त्याच्या मते तिथे आता काही खोट नव्हती.

७

तो गोल बाईंनी स्वतःच पुसला. साहेबांना त्या भक्कम खुर्चीवर बसवलं, ओला फडका घेतला आणि कपाळ पुसता पुसता त्यांचा बांध फुटला. शहाण्यासुरत्या बाई, वर्गातल्या पोरांना गप्प बसवणाऱ्या, पण तेव्हा त्यांना स्वतःला गप्प करता येईना.

"एकदा तरी खोट काढा ना हो," त्या साहेबांचे खांदे धरून म्हणाल्या. "चहात काढा. फरशीत काढा. माझ्यात काढा, मी चकार शब्द बोलणार नाही. तुम्ही बघतच नाही माझ्याकडे. नुसतं छान, छान. मला एकटीला टाकून कुठे गेलात तुम्ही?"

साहेबांनी वर बघितलं.

प्रथम ते नेहमीसारखं हसले. मग हसू थांबलं. त्यांनी मान किंचित कलती केली. डोळे बारीक झाले. दिव्याखालच्या कापडावरून फिरायची तशी त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरली, कपाळावरून, नाकावरून, गालावर आली आणि थांबली. हीच नजर! हाच माझा माणूस! आतून आनंदाचं असं काही उसळलं, की त्यांना रडावं की हसावं कळेना.

साहेबांनी बोट त्यांच्या डोळ्याखाली टेकवलं, उचललं आणि उजेडात धरून बघितलं.

"इथे ओल येतेय," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा, कोरडा, खात्रीचा.

"हो!" बाई रडता रडता हसायला लागल्या. "येतेय, येतेय! बरोबर ओळखलंत. आणखी सांगा, आणखी काय आहे?"

"हलू नकोस," साहेब म्हणाले.

त्यांचा एक हात खिशात गेला. दुसऱ्या हाताने त्यांनी बाईंची हनुवटी धरली, अगदी मायेने धरली. इतक्या दिवसांत त्यांनी असं जवळ घेतलं नव्हतं, म्हणून बाई खरंच हलल्या नाहीत. गालावर काहीतरी खरखरीत, कोरडं फिरलं, डोळ्याखालून भुवईच्या वरपर्यंत आणि परत, आणि ते जिथून निघालं होतं तिथे येऊन मिळेपर्यंत त्या हसतच होत्या.

"झालं," साहेब म्हणाले. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना आतल्या खोलीकडे न्यायला लागले. "आता भिंतीकडे तोंड करून जरा पड. बरं वाटेल."